शाळेचं छत धोक्यात असेल तर...

ऑगस्ट २०१७ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेची इमारत पावसात कोसळली आणि तीन मुलं दगावली. अशी वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून ही माहिती.

छताला कायमची ओल, पोपडे, उघडे पडलेले गंजके गज, वाकलेले वासे ही धोक्याची चिन्हं आहेत. गज गंजला की फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो. तिथे नुसता गिलावा करून भागत नाही. अशी खोली लगेच बंद करावी, वर्ग दुसरीकडे भरवावा.

मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. मग अभियंते पाहणी करतात. छत दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे बांधकाम नोंदीतून बाद करून पाडण्याचा प्रस्ताव जातो. मंजुरीनंतर जुनं उतरवून नवं बांधता येतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. पालकांनो, पुढच्या बैठकीत छताचा विषय घ्या, ठराव लिहून घ्या आणि काम पुरं होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.