नवं विंडोज टाकलं, तरी लॅपटॉप अडकतोच. मग काय बघायचं?

 कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी रानात मोबाईलवर, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून. 

आज बोलायचंय ग्रामसंघाच्या कपाटातल्या जुन्या लॅपटॉपबद्दल. हा विषय पोरांचा, आपला नाही, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आपली बचत, आपलं कर्ज, आपली परतफेड आता त्या डब्यात जाऊन बसलीय. तो अडकला की आपलं काम अडकतं.

आमच्या एका ग्रामसंघात मे महिन्यात असंच झालं. पेरणी तोंडावर आलेली. सोयाबीनचं बियाणं, खत, सगळ्यांना पैसा हवा. चार गटांची कर्जप्रकरणं बँकेत द्यायची होती आणि ठराव, कर्जाची यादी, परतफेडीचा तक्ता सगळं लॅपटॉपात. तो फार हळू चालायला लागला, म्हणून लिपिकाताईंनी दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकतो, मग बघा कसा पळतो." घरी आणला, तर दहा मिनिटांत पडद्यावरचा बाण जागच्या जागी. पुन्हा दुकान, पुन्हा विंडोज, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सांगितलं, "मॅडम, हा भंगारात घाला, नवा घ्या."

अध्यक्षताई म्हणाल्या, "नव्याच्या पैशात आपल्या दोघीतिघींच्या शेळ्या येतील. आधी ह्याला झालंय काय, ते तर कळू द्या."

मैत्रिणींनो, प्रश्न हाच आहे. विंडोज नव्यानं टाकणं म्हणजे घराला नवा रंग देणं. भिंतीतच ओल असेल, तर रंग पुन्हा फुगणार. नवं विंडोज टाकूनही लॅपटॉप अडकत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा चार ठिकाणी असतं: उष्णता, हार्ड डिस्क, रॅम किंवा ड्रायव्हर. एकेक बघू.

पण त्याआधी एक वही घ्या. लॅपटॉप केव्हा अडकतो, ते लिहा. चालू केल्या केल्या? अर्ध्या तासानं? फाईल उघडताना? व्हिडिओ लावल्यावर? चार वेळा लिहिलंत, की त्यातून दुखणं आपोआप दिसतं. डॉक्टरही आधी विचारतोच ना, ताप सकाळी येतो का संध्याकाळी?

अडकला की लगेच बटण दाबून बंद करू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर लॅपटॉप जिवंत आहे, नुसता दमलाय. पाच-दहा मिनिटं थांबा. दिवा हललाच नाही, तर तो पुरता गोठलाय. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. पण हे रोज करायचं नाही, त्यानं फाईली खराब होतात.

आणखी एक. विंडोज नवं टाकलं, की पहिले काही तास ते मागच्या मागं स्वतःचे अपडेट उतरवत असतं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावलं, तर दिवसाचा डेटाही संपतो आणि लॅपटॉपही रेंगाळतो. म्हणून पहिला दिवस चार्जर लावून, चांगल्या वायफायवर त्याला निवांत चालू द्या. दुसऱ्या दिवशीही अडकला, तरच दुखणं समजा.

आता उष्णता. आपल्याकडचा उन्हाळा, वर पत्र्याची खोली, त्यात धूळ आणि चुलीचा धूर. लॅपटॉपच्या आतला पंखा धुळीनं बुजतो. त्यात आपण तो गोधडीवर ठेवतो, म्हणजे खालची हवेची भोकं बंद. अर्ध्या तासानं अडकतो, पंख्याचा आवाज मोठा येतो, बाजूनं गरम झळ लागते, ही उष्णतेची खूण. लाकडी पाटावर ठेवून सावलीत चालवून बघा. फरक पडला, तर दुकानात पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या. ओल्या फडक्यानं काही पुसू नका. आणि लॅपटॉपची खालची बाजू किंवा बोटानं बाण हलवायची पट्टी फुगून वर आली असेल, तर बॅटरी फुगलीय. तो चालवायचाच नाही, चार्जर काढायचा आणि ती बॅटरी बदलायची. तिथं हयगय नको.

दुसरी, हार्ड डिस्क. लॅपटॉपची ही कोठी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ती झिजते, आपटल्यानं खराब होते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. काही काम नसताना, अपडेट संपल्यावरही ती तासन् तास शंभर टक्क्यांवर असेल, फाईल उघडताना लॅपटॉप अडकत असेल, आतून टकटक आवाज येत असेल, तर डिस्क जायला लागलीय. अशा वेळी आधी सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज, दुरुस्ती, सगळं त्यानंतर.

तिसरी, रॅम. स्टार्टमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" शोधलं, की विंडोजची स्वतःची तपासणी चालते. कधी रॅमची पट्टी नुसती सैल झालेली असते. रॅम किती आहे, तेही बघा. विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या लॅपटॉपवर ते ओढूनताणून बसवलं, तर बैलाला ट्रॅक्टरची ट्रॉली जुंपल्यासारखं होतं.

चौथी, ड्रायव्हर. पडदा, वायफाय, आवाज यांना चालवणारे हे छोटे प्रोग्राम. घाईत विंडोज टाकलं, की ते राहून जातात किंवा दुसऱ्याच मॉडेलचे पडतात. व्हिडिओ लावला किंवा वायफाय जोडलं, की अडकतो, ही त्याची खूण. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून, मागे लिहिलेलं मॉडेल बघून ड्रायव्हर टाकायचे. दोन अँटीव्हायरस असतील, तर एक काढायचा. दोघांची आपसात भांडणं होतात.

आता एक सोपी परीक्षा सांगते. लिनक्स नावाची मोफत प्रणाली असते. ती पेनड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता लॅपटॉप चालवता येतो. तासभर तसा चालवला आणि अडकला नाही, तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये. तरीही अडकला, तर उष्णता किंवा रॅम बघा. संगणक शिकलेला गावातला एखादा मुलगा, मुलगी हे करून देईल. आपण शेजारी बसून बघायचं.

आमच्या त्या ग्रामसंघात वहीतल्या नोंदींनी उत्तर दिलं. प्रत्येक वेळी फाईल उघडतानाच अडकायचा आणि डिस्क शंभर टक्क्यांवर. म्हणजे आधीचा हळूपणाही डिस्कचाच होता; विंडोजचा बिचाऱ्याचा दोष नव्हता. जुनी डिस्क काढून त्याच जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती वेगानं चालते. नव्या लॅपटॉपपेक्षा खर्च पुष्कळ कमी आला. भाव मात्र दोन दुकानांत विचारून घ्या.

आणि कर्जाच्या फाईलचं काय झालं? लिपिकाताईंनी मार्चपर्यंतचा हिशोब पेनड्राइव्हवर ठेवला होता. एप्रिल-मेच्या नोंदी गटांच्या हाती लिहिलेल्या वह्यांत होत्या. चौघी दोन रात्री बसल्या, तक्ता पुन्हा मांडला आणि फाईल वेळेत बँकेत गेली. पंचसूत्रीतली "नियमित नोंद" आपण दर बैठकीत म्हणतो. तिनंच त्या गावची पेरणी सांभाळली.

दुकानात जाताना तीन गोष्टी विचारा. डिस्क तपासली का? आमच्या फाईली आधी काढून ठेवल्या का? विंडोज लायसन्सचं आहे का? ज्या लॅपटॉपवर विंडोज 10 लायसन्ससह चालू होतं, त्यावर पुन्हा तेच टाकलं, तर इंटरनेट लागल्यावर ते ओळखलं जातं. चोरीच्या विंडोजबरोबर व्हायरस येऊ शकतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हेही ध्यानात ठेवा. विंडोज 11 बसत नसेल, तर लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली किंवा भारत सरकारच्या सी-डॅकची बॉस प्रणाली वापरून बघता येते. आपला प्रिंटर आणि मराठी टायपिंग त्यावर चालतं का, ते आधी तपासा. आणि बदललेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यात सगळ्या सदस्यांची आधार कार्डं, पासबुकाच्या प्रती आहेत. ती परत मागून घ्या.

मैत्रिणींनो, 1993 च्या भूकंपानंतर आपल्या आणि लातूर जिल्ह्यात घरं पुन्हा उभी राहिली, तेव्हा गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. घर कसं मजबूत बांधायचं, हे त्या स्वतः शिकल्या आणि दुसऱ्यांना सांगू लागल्या. त्याआधी तेही "बायकांचं काम नाही" असंच होतं. त्यांच्यापुढं लॅपटॉप म्हणजे किती लहान गोष्ट!

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. ग्रामसंघाच्या फाईली दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक लिपिकेकडे, एक कोषाध्यक्षांकडे. दर महिन्याला प्रत काढायचा ठराव लिहा. आणि लॅपटॉपशेजारी एक वही बांधून ठेवा.