घरातले एक वाक्य आणि रशियन व्याकरण



दिवसभर उन्हाने तापलेल्या श्रोत्यांना संध्याकाळी रशियन व्याकरणाचा ताप कशाला, असे कोणाच्या मनात आले असल्यास नवल नाही. परंतु आम्ही आज रूपावल्या म्हणून दाखवणार नाही. एकच वाक्य घेणार आहोत, आणि तेही आपल्या घरचे: "माझ्याजवळ दूध आहे." ज्या गावात लोक गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढवून दूध पितात, त्या गावाला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. त्याची रचना मात्र तपासायला हवी. ती ज्याला कळली, त्याला रशियन व्याकरणाचे पहिले दार उघडले, असे आमचे म्हणणे आहे.

कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढणारे आगरकर आपल्याला सुधारक म्हणून माहीत आहेत. त्यांनीच १८८८ साली 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याचे पृथक्करण मांडले, हे मात्र थोड्यांना आठवते. तेच पृथक्करण या वाक्याला लावून पाहू. या वाक्यात 'मी' कर्ता नाही. कर्ता आहे दूध. ते 'आहे', आणि कोठे आहे, तर माझ्याजवळ. मी येथे मालक नसून केवळ एक ठिकाण आहे!

आता इंग्रजी पाहा. "आय हॅव मिल्क." येथे 'मी' कर्ता झाला, दूध कर्म झाले आणि मध्ये 'हॅव' हे धरून ठेवणारे क्रियापद आले. शाळेत आपण इंग्रजी शिकतो तेव्हा आपले वाक्य उलटे करून मांडायला शिकतो. त्यात काही गैर नाही; त्या भाषेची तीच रीत आहे. घोटाळा होतो तो पुढे. शिवाजी विद्यापीठात रशियन शिकवली जाते. समजा, तेथला एखादा विद्यार्थी इंग्रजीतून लिहिलेले रशियन व्याकरण उघडतो. त्यात 'हॅव' रशियन भाषेत कसे सांगावे याचे मोठे स्पष्टीकरण असते, कारण ते पुस्तक इंग्रज वाचकाची अडचण ओळखून लिहिलेले असते. आपला विद्यार्थी ती अडचण स्वतःची समजून घोकत बसतो.

रशियन माणूस म्हणतो, "ऊ मिन्या येस्त मलाको." 'ऊ' म्हणजे जवळ. 'मिन्या' हे 'मी'चे षष्ठीचे रूप. 'येस्त' म्हणजे आहे. संस्कृत 'अस्ति'चे ते सख्खे भावंड. 'मलाको' म्हणजे दूध. म्हणजे शब्दशः, "जवळ माझ्या आहे दूध." आपण 'मी-जवळ' म्हणत नाही, 'माझ्याजवळ' म्हणतो, रशियन माणूसही 'ऊ' आल्याबरोबर षष्ठी लावतो. फरक एवढाच की आपला 'जवळ' नामाच्या मागून येतो आणि त्यांचा 'ऊ' पुढून. खिडकीजवळ म्हणायचे असले तरी तोच 'ऊ': "ऊ अक्ना."

यावरून मराठी आणि रशियन या जुळ्या बहिणी आहेत, असे मात्र कोणी समजू नये. दोघींचे दूरचे मूळ एक आहे, हे खरे. परंतु आपल्या सीमेवरचा कानडी शेतकरी "नन्न हत्तिर हालु इदे" म्हणतो. त्याचाही अर्थ 'माझ्याजवळ दूध आहे' असाच, आणि कानडीचे कूळ तर निराळे, द्राविडी. तेव्हा ही रक्ताची खूण नव्हे, विचार मांडण्याची रीत आहे. आणि ही रीत जगात 'हॅव'पुरती अडलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

आता दूध संपवू. "माझ्याजवळ दूध नाही." रशियन: "ऊ मिन्या न्येत मलाका." 'न्येत' हा 'न' आणि 'येस्त' यांच्या जुन्या जोडाचा झिजलेला अवशेष, आपल्याला 'नास्ति' आठवेल. परंतु 'मलाको'चे 'मलाका' का झाले? वस्तू नाही म्हटली की रशियन भाषा तिला षष्ठीत घालते. नवशिके येथे अडखळतात. पण आपल्या घरात दूध संपले म्हणजे आपण काय म्हणतो? "दुधाचा थेंब नाही!" या वाक्यातला 'थेंब' गिळून टाका आणि 'दुधाचा' तेवढा ठेवा, रशियन वाक्य तयार झाले. ही केवळ लक्षात ठेवण्याची युक्ती नव्हे. "थोडे दूध दे" असे म्हणतानाही रशियन माणूस 'मलाका' हीच षष्ठी वापरू शकतो, आणि नकारातली षष्ठी या अंशवाचक षष्ठीच्या नात्यातली मानली जाते.

दूध पिण्याकडे वळू. "तो प्याला, ती प्याली" याला रशियन "ओन पील, अना पिला." भूतकाळ सांगताना कर्त्याचे लिंग क्रियापदावर उमटते. इंग्रजी भूतकाळात याचा मागमूस नाही. आपल्याला मात्र ते अंगवळणी आहे. दोन्ही भाषांत ही रूपे मूळची धातुसाधिते आहेत, म्हणून विशेषणासारखी लिंगाप्रमाणे बदलतात. दोहोंकडे 'ल' आहे म्हणून तो एकाच मुळातला असे ठरवण्याची घाई मात्र करू नये. शिवाय आपला 'ला' पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी!

'पील' म्हणजे दूध पिण्याची क्रिया झाली. 'विपिल' म्हणजे पेला रिकामा झाला. मराठीत आपण 'प्यालो' आणि 'पिऊन टाकले' असा भेद करतोच. आपल्याकडे ही निवड बोलणाऱ्याच्या मर्जीवर असते. रशियनमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रियापदापाशी ती करावीच लागते. येथे मराठी दार दाखवते, आत चालायचे श्रम आपलेच.

आणि काही ठिकाणी मराठी चकवतेही. आपण 'माझ्याजवळ पैसे आहेत' म्हणतो, पण 'मला भाऊ आहे' म्हणतो. रशियन माणूस पैशांना आणि भावाला एकच 'ऊ मिन्या' लावतो. तेथे 'मला'चा प्रतिशब्द घातला तर वाक्य बिघडेल. थंडी वाजण्याला मात्र आपल्यासारखाच 'मला' लागतो: "म्न्ये खोलदना." तेव्हा मातृभाषेचा आधार घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून घ्यावा.

हे सारे सांगण्याचा हेतू व्याकरणापुरता नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिते झाले. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलेच नव्हते. आज राधानगरीचा किंवा गगनबावड्याचा एखादा मुलगा, "माझे इंग्रजी कच्चे, मला परदेशी भाषा कशी येणार?" असे म्हणून मागे सरतो. इंग्रजी त्याने अवश्य पक्के करावे. पण रशियन भाषेच्या दारावर इंग्रजीचा पहारा नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. विभक्ती, तीन लिंगे, लिंगाप्रमाणे फिरणारा भूतकाळ, हे भांडवल त्याने आईच्या तोंडून फुकट मिळवले आहे. ते त्याच्याजवळ आहे. आहे हे मात्र त्याला ठाऊक नाही.

ते त्याला दाखवून देणे हे शिक्षकांचे काम आहे, तसे आपणा पालकांचेही आहे.