प्रदक्षिणेची वाट, सायकलीची गती : काशीचा पंचक्रोशी मार्ग

(वारसा आणि ग्रामीण पर्यटन या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



जलाशयाभोवती सायकलीने फेरी घालावी, वाटेतील जुनी गावे, मंदिरे, किल्ले पाहावेत आणि संध्याकाळी निघालेल्या ठिकाणी परत यावे, ही कल्पना आता जगभर रुजली आहे. जपानमधील बिवा सरोवराभोवतीचा सुमारे २०० किलोमीटरचा सायकल मार्ग त्या देशाने २०१९ मध्ये राष्ट्रीय सायकल मार्ग म्हणून घोषित केला. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवराभोवती सुमारे २६० किलोमीटरची सायकल वाट आहे. भारतीय मनाला यात नवे काही वाटू नये. मध्यभागी पूज्य स्थान ठेवून त्याला उजवीकडून फेरी घालण्याच्या क्रियेला आपल्याकडे प्रदक्षिणा म्हणतात आणि वाराणसीभोवतीची पंचक्रोशी ही अशीच एक मोठी प्रदक्षिणा आहे. ही वाट सायकलीच्या गतीला कशी अनुरूप आहे आणि त्यासाठी आधी काय जपावे लागेल, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पाच मुक्काम, पाच पाणवठे

परंपरेने पंचवीस कोसांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची ही यात्रा मणिकर्णिका घाटावर सुरू होते. यात्रेकरू प्रथम दक्षिणेला अस्सीकडे जातात, तेथून पश्चिमेला ग्रामीण भागात शिरतात आणि उत्तरेकडून वळसा घेऊन वरुणा-गंगा संगमावरील आदिकेशवाजवळ पुन्हा गंगेला मिळतात. कंदवा गावातील कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा हे या यात्रेतील पाच मुक्काम होत. पायी चालणाऱ्यांची यात्रा साधारणपणे पाच दिवसांत पूर्ण होते. अधिक महिन्यात या मार्गावर यात्रेकरूंची रीघ लागते, तर महाशिवरात्रीला असंख्य भाविक एका अहोरात्रीत संपूर्ण फेरी पुरी करतात.

हे मुक्काम नकाशावर पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कर्दमेश्वराला कर्दम कुंड आहे, भीमचंडीला गंधर्व सागर आहे, शिवपूरला द्रौपदी कुंड आहे, कपिलधारेला विस्तीर्ण तलाव आहे आणि रामेश्वर हे वरुणा नदीच्या काठी वसले आहे. अर्थात पाचही मुक्काम पाण्याच्या आश्रयाने ठरले आहेत. दिवसभर चाललेल्या माणसाला स्नान, स्वयंपाक आणि पिण्यासाठी पाणी लागते, या साध्या गरजेतून मार्गाची आखणी झाली. धर्मशास्त्राने त्या आखणीला पावित्र्य दिले आणि म्हणूनच ती शतकानुशतके टिकली. महाराष्ट्रातील बारव व पुष्करणी यांचे देवळांशी असलेले नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

या व्यवस्थेला दात्यांचाही आधार होता. अठराव्या शतकात बंगालमधील नाटोरच्या राणी भवानी यांनी पंचक्रोशी मार्गाच्या दुरुस्तीसाठी आणि यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी मोठे साहाय्य केल्याची नोंद आहे. त्याच शतकात अहिल्याबाई होळकर यांनी विश्वनाथ मंदिराची पुनर्बांधणी केली आणि मणिकर्णिका घाटाचे काम करविले. एक राणी नगराच्या परिघाची काळजी वाहत होती, तर दुसरी त्याच्या केंद्राची. मराठी वाचकाला अहिल्याबाईंचे कार्य चांगले परिचित आहे. परिघाचे कार्यही तेवढेच मोलाचे होते, हे सांगणे आवश्यक आहे.

सायकलीचे माप

मोटारीने निघालेला यात्रेकरू आज ही संपूर्ण फेरी काही तासांत आटोपतो. त्यात पुण्य किती पदरी पडते, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. मात्र वाटेवरील गावांच्या पदरी फारसे काही पडत नाही, हे निश्चित. ताशी बारा किलोमीटरच्या संथ वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला ८० किलोमीटरसाठी सुमारे सात तास प्रत्यक्ष सायकल चालवावी लागते. थांबे धरून ही फेरी दोन दिवसांत सुखाने होते आणि एक मुक्काम अपरिहार्य ठरतो. या एका मुक्कामात दोन वेळचे जेवण, निवारा, सायकलीची डागडुजी आणि स्थानिक वाटाड्याची सोबत एवढ्या गरजा असतात. त्या प्रत्येकीतून गावात रोजगार निर्माण होऊ शकतो.

सायकल हे या प्रदेशाला नवे वाहन नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. दुधाचे कॅन लटकवून शहराकडे येणारे गवळी आणि पश्चिमेकडील लोहता परिसरातील विणकर यांचा सायकलीशी संबंध रोजच्या उपजीविकेचा आहे. त्यामुळे या मार्गावर सायकलस्वारासाठी जे काही केले जाईल, त्याचा पहिला लाभार्थी पाहुणा पर्यटक नसून गावातील शाळकरी मुलगी, दूधवाला आणि मजूर असावा. पर्यटकाची सोय आणि ग्रामस्थाची सोय या दोन गोष्टी सायकल मार्गाइतक्या सहजपणे अन्यत्र क्वचितच एकत्र येतात.

वाटेवर पाहण्यासारखेही पुष्कळ आहे. कर्दमेश्वराचे मंदिर सुमारे बाराव्या-तेराव्या शतकातील मानले जाते. वाराणसीतील बहुतेक देवळे अठराव्या शतकानंतरची असल्याने त्याचे महत्त्व विशेष आहे. भीमचंडी ते रामेश्वर हा परंपरेने सात कोसांचा, सर्वांत लांब टप्पा शेतशिवारातून जातो. रामेश्वरला लोटा-भंटा नावाची जत्रा भरते. तिथे येणारे लोक वरुणेच्या काठी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर बाटी आणि वांग्याचा चोखा करून देवाला नैवेद्य दाखवितात. उत्तरेकडील पंचांगानुसार ती अगहन वद्य षष्ठीला येते, म्हणजे मराठी पंचांगातील कार्तिक वद्य षष्ठीला. कपिलधारेपासून काही किलोमीटरवर सारनाथ आहे. तेथे १९०४-०५ च्या उत्खननात सापडलेले अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आज भारताचे राजचिन्ह आहे. तेथील चौखंडी स्तूपावरचा अष्टकोनी मनोरा तोडरमलाचा पुत्र गोवर्धन याने १५८८ मध्ये हुमायूनच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ बांधला. दोन दिवसांच्या फेरीत इतके कालखंड भेटावेत, असे मार्ग देशात थोडेच आहेत.

पाणी हरपले, तर वाट हरपते

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. वाराणसी हे एकेकाळी तळ्यांचे नगर होते. १८२० ते १८३० या काळात येथील टाकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८२२ मध्ये नगराचा नकाशा तयार केला. त्याच प्रिन्सेप यांनी आरोग्याच्या हेतूने भुयारी नाला काढून मत्स्योदरी तलावाचे पाणी गंगेत सोडले. मंदाकिनी तलावाची आज मैदागिन या नावातच मुख्यत्वे आठवण उरली आहे. हेतू चांगला असला, तरी एकदा बुजविलेले तळे सहसा परत येत नाही, हा या इतिहासाचा बोध आहे. जे नगराच्या आत एकोणिसाव्या शतकात घडले, ते परिघावर एकविसाव्या शतकात घडू नये.

शहराचा विस्तार परिघाकडे होत आहे. बाह्यवळण रस्ता झाला आहे, जमिनीच्या किमती वाढल्या आहेत आणि अलीकडच्या वर्षांत पंचक्रोशी मार्गाच्या रुंदीकरणाची व मुक्कामांच्या विकासाची कामेही हाती घेण्यात आली आहेत. रस्ता सुधारणे आवश्यकच आहे. तथापि रस्त्याचा भराव उंच झाला आणि त्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर शिवारातून कुंडाकडे वाहत येणारे पावसाचे पाणी पलीकडेच अडते. कुंडाला घाट बांधले, फरशी बसविली, दिवे लावले, पण पाण्याची आवक तुटली, तर दोन-चार उन्हाळ्यांत तेथे शेवाळ आणि कचरा साचतो. सावली देणारी जुनी झाडे गेली, तर मे महिन्याच्या उन्हात पायी यात्रेकरूची आणि सायकलस्वाराची सारखीच दैना होते. सुशोभीकरण आणि पुनरुज्जीवन यांतील फरक नेमका येथे आहे.

कायद्याचे पाठबळ या बाबतीत कमी नाही. हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या उत्तर प्रदेशातील तळ्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तलाव, वने आणि डोंगर ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती असल्याचे सांगून तलावाची जमीन राखण्याचा निर्णय दिला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत जलव्यवस्थापन आणि रस्ते हे दोन्ही विषय पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांत समाविष्ट आहेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानात प्रत्येक जिल्ह्यात किमान ७५ जलाशय घडविण्याचे अथवा पुनरुज्जीवित करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. साधने आहेत. ती एका मार्गाभोवती एकत्र गुंफण्याची गरज आहे.

डोंगरवाटेचा धडा

खऱ्या अर्थाने चढउताराच्या, खडकाळ वाटा हव्या असणाऱ्या सायकलस्वाराला वाराणसीच्या सपाट गाळाच्या प्रदेशाबाहेर, दक्षिणेला विंध्याच्या पठाराकडे जावे लागते. १९९७ पर्यंत वाराणसी जिल्ह्यात असलेल्या आजच्या चंदौली जिल्ह्यात चकियाजवळ कर्मनाशा नदीवर १९२१ मध्ये बांधलेले लतीफशाह धरण आहे. त्यापुढे चंद्रप्रभा अभयारण्य आणि राजदरी व देवदरी हे धबधबे आहेत. ‘चंद्रकांता’ या प्रसिद्ध हिंदी कादंबरीचे लेखक देवकीनंदन खत्री यांनी याच चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. येथील गडवाटांवरच त्यांची कथासृष्टी उभी राहिली. जलाशय, टेकड्या आणि इतिहास यांचा असा संगम माउंटन बाइकसाठी अत्यंत अनुकूल आहे. अर्थात अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीने आणि आखून दिलेल्या रस्त्यांवरूनच फिरणे योग्य होय.

या अभयारण्याने एक धडाही दिला आहे. १९५७ मध्ये गीरचे सिंह येथे आणून सोडण्यात आले. आरंभी त्यांची संख्या वाढली. पुढे मात्र ते नाहीसे झाले आणि आज तेथे एकही सिंह नाही. प्रारंभाचा उत्साह आणि सातत्याची निगराणी यांत केवढे अंतर असते, हे त्यावरून कळते. कोनशिला बसविणे एका दिवसाचे काम आहे, तर कुंडातील गाळ काढणे, मोरी मोकळी ठेवणे आणि झाड जगविणे हे दरवर्षीचे काम आहे. पंचक्रोशीवर सायकल मार्ग झाला, तर त्याचे भवितव्यही याच दुसऱ्या प्रकारच्या कामावर अवलंबून राहील.

काय करता येईल

यादृष्टीने काही गोष्टी सुचविता येतात. पहिली गोष्ट म्हणजे, कोणत्याही रस्त्याच्या कामाआधी प्रत्येक कुंडाच्या पाणलोटाची आखणी व्हावी आणि पाणी येण्याच्या वाटा महसुली नकाशावर नोंदल्या जाव्यात. दुसरी, पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी झाडांच्या सावलीत स्वतंत्र पट्टा असावा. महाराष्ट्रात २०२१ मध्ये पायाभरणी झालेल्या ज्ञानेश्वर आणि तुकाराम पालखी मार्गांच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र पदपथ धरण्यात आला, हे उदाहरण समोर आहे. तिसरी, जुन्या धर्मशाळा पाडून नवी बांधकामे करण्याऐवजी त्यांची दुरुस्ती करून निवास, भोजन आणि भाड्याच्या सायकलींची व्यवस्था महिला बचत गटांकडे द्यावी. चौथी, मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग ग्रामपंचायतीने कुंडाच्या देखभालीसाठीच खर्च करावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. देशाच्या सर्व भागांतून यात्रेकरू येत असल्याने मार्गफलक मराठीसह प्रमुख भारतीय भाषांत असावेत, हेही ओघाने आलेच.

या सूचनांना अवाढव्य निधी लागत नाही. रस्ता, पाणी, पुरातत्त्व, पर्यटन आणि पंचायत ही खाती एकाच फेरीकडे एकाच वेळी पाहतील, एवढी दृष्टी मात्र लागते.

मित्रहो, पंचक्रोशीच्या यात्रेकरूला नगराची सीमा पायांनी मोजावी लागते. मोजता मोजता वाटेवरील प्रत्येक पाणवठ्याचा तो ऋणी होतो. सायकलीवरून जाणाऱ्या तरुणालाही तहान लागते, सावली हवी असते आणि म्हणून कोरडे कुंड त्याच्या नजरेतून सुटत नाही. बंद काचेच्या मोटारीतून ते सुटते. ज्या वाटेवर माणसे संथपणे जातात, त्या वाटेची निगा राखली जाण्याची शक्यता अधिक असते. पुढच्या अधिक महिन्यात कर्दम कुंडाच्या पायऱ्या उतरणाऱ्या वृद्ध यात्रेकरूच्या ओंजळीत स्वच्छ पाणी आले, तर त्याच्या मागून येणाऱ्या सायकलस्वाराचाही मार्ग तयार झाला, असे समजावे.