हजेरी भरते, पण दार वाजतं का?



आम्ही कळमनुरी तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आमचं दप्तर पाहाल तर कौतुक कराल. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशेब, पंचसूत्रीत कुठंच खोट नाही. हजेरीही पूर्ण.

तरी एका रात्री आमच्यातल्या एकीचं लेकरू तापानं फणफणलं, तर ती गटातल्या एकीच्याही दारात आली नाही. सावकाराकडं गेली. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. विचारलं तर म्हणाली, "माझ्या थकलेल्या हप्त्याचं बैठकीतलं बोलणं मला दुसऱ्या दिवशी गिरणीवर ऐकू आलं."

आमच्या माना खाली गेल्या. हजेरीच्या रकान्यात भरवसा दिसत नाही.

माणसं एकमेकांना किती धरून आहेत, हे देशातही मोजतात. २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये भारत मानव विकास सर्वेक्षण झालं. घरातलं कोणी महिला मंडळात, बचत गटात आहे का, गावच्या सभेला कोणी गेलं होतं का, पंचायत, पोलीस, बँक यांच्यावर किती भरवसा आहे, असं घरोघरी विचारलं. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सरकारनं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात आदल्या पहाटे चारपासून चोवीस तासांत काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासानं लिहून घेतात. भेटीगाठी आणि गावकामातला सहभागही त्यात येतो.

असं कोणी दारात आलं तर "मालकाला विचारा" म्हणू नका. "घरीच होते, काही नाही केलं" असंही म्हणू नका. बैठकीला बसलात, बाळंतिणीला डबा नेलात, तेही सांगा. न सांगितलेलं कुठंच मोजलं जात नाही.

आम्ही आमच्यापुरतं मोजायला लागलो. झाकलेल्या मडक्यात प्रत्येकीनं दाणा टाकायचा. 'हो' असेल तर ज्वारी, 'नाही' असेल तर हरभरा. प्रश्न तीन : अडल्या रात्री गटातल्या कोणाचं दार वाजवाल का? इथलं बोलणं इथंच राहतं का? मागच्या ग्रामसभेला स्वतः बसला होतात, की सही घरी आली? ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. सही घरी आली तर त्या कायद्याचा काय उपयोग?

पहिल्या खेपेला हरभरेच जास्त निघाले. मग दोन ठराव केले. बैठकीतलं बोलणं बाहेर नेणारीनं सगळ्यांसमोर माफी मागायची. दवाखान्याची निकड असेल तर बैठकीची वाट न पाहता त्याच रात्री पैसे द्यायचे.

आता हरभरे कमी पडतात. अजून पडतात, पण ते कोणी टाकले हे आम्ही शोधत नाही. शोधलं तर पुढच्या वेळी खोटी ज्वारी पडेल.

पुढच्या बैठकीत तुम्हीही एक मडकं ठेवून बघा.