परदेशी कुलूप आणि शेजारची किल्ली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्याकडची बरीच मुलं परदेशात आहेत. येताना आई-बाबांसाठी फिनलंडचं ॲब्लॉय नाहीतर इस्रायलचं मल-टी-लॉक आणतात. कुलपं उत्तमच! ॲब्लॉयचा शोध १९०७ सालचा. आत फिरत्या चकत्या असतात.

पण मागवण्याआधी दरवाजा मोजा. युरोपियन सिलिंडर मधल्या स्क्रूपासून आत किती आणि बाहेर किती, असा दोन्हीकडे मोजून घ्यायचा असतो. बाहेर जास्त डोकावला, तर चोर पकडीत धरून मोडतो. चौकटीला वाळवी लागली असेल, तर आधी चौकट बदला. पनवेलच्या पावसात लाकूड फुगतं, तेव्हा सुताराला थोडी फट ठेवायला सांगा. सोबतचं कार्ड जपून ठेवा, डुप्लिकेट किल्लीसाठी ते लागतं.

आता मुख्य गोष्ट. आतून किल्ली तशीच राहिली, तर अनेक सिलिंडर बाहेरून उघडत नाहीत. एकटं माणूस आत पडलं तर? म्हणून आतून किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर मागवा. आणि वरची कडी लावायची सवय सोडा, नाहीतर सगळं फुकट.

बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असायच्या, कारण एकट्याला ती उघडता येऊ नये. घराचं उलट आहे. एकट्या माणसाची दुसरी किल्ली शेजारी हवी. २५ वर्षांत एवढा विश्वास आपण नक्कीच कमावलाय.