रीलफूटच्या तळ्यावर



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की बोनस आणि महागाईभत्ता ह्यांवाचून तो काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मात्र आम्ही माशांविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. तिथेच ह्या तळ्याची हकीगत हाती लागली. तळे अमेरिकेत आहे. आम्ही ते पाहिलेले नाही.

टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीजवळ, रीलफूट नावाचे हे तळे आहे. 1811 च्या डिसेंबरापासून 1812 च्या फेब्रुवारीपर्यंत त्या मुलखात धरणीकंपाचे भयंकर धक्के बसले. कुठे जमीन खचली, कुठे वर आली, पाणी अडले आणि उभे जंगल बुडाले. सायप्रसची झाडे तिथे आजही पाण्यात उभी आहेत आणि जुने बुंधे पाण्याखाली दडलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी पुरुषभरही पाणी नाही. म्हणून तिथल्या मासेमारांनी वेगळीच होडी बनवली. तिची वल्ही अशी बसवलेली, की वल्हवणाऱ्याचे तोंड पुढच्या दिशेला राहते. बुंध्यांच्या तळ्यात पाठ फिरवून पुढे जाणे परवडत नाही. (आमच्या काही पुढाऱ्यांना ही होडी दाखवावी असे मनात येते.)

ह्या तळ्यातला वसंतातला मासा म्हणजे क्रॅपी. वीत-दीड वीत लांबीचा, अंगाने चपटा, चंदेरी, त्यावर काळे ठिपके. मांस पांढरेशुभ्र आणि गोड. ओठ मात्र कागदासारखे पातळ. गळाला झटका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. लांब काठी, आखूड दोरी, जिवंत लहान मासोळीचे आमिष आणि हलका हात, एवढेच भांडवल. ह्याचे डोळे वरच्या बाजूला असतात, म्हणून आमिष त्याच्या वर ठेवावे. खाली सोडलेले तो पाहत नाही.

हिवाळा सरून पाणी 16 ते 20 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापले की वीण सुरू होते. आधी नर उथळ पाण्यात येतो. त्याचा रंग गडद होतो. बुंध्याच्या आडोशाला तो जागा साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण बापच करतो.

पण तिथला वसंत लहरी. दक्षिणेचा ऊबदार वारा, आकाश भरून आलेले, वादळ येऊ घातलेले, अशा वेळी मासा अधाशासारखा आमिष घेतो. मग वादळ फिरते, उत्तरेचा गार वारा सुटतो, आकाश निळेभोर होते. शहरी माणसाला वाटते, काय सुरेख दिवस! मासा मात्र खोल पाण्यात किंवा बुंध्याला अगदी चिकटून बसतो आणि तोंड उघडत नाही. दोन-तीन दिवस असे जातात. उथळ तळे वाऱ्याने गढूळ होते ते निराळेच. कामगाराची पंचाईत इथे होते. मासा मंगळवारी दुपारी येतो, सुट्टी रविवारी असते. तीही फुकट मिळालेली नाही. अमेरिकेत आठवड्याला 40 तासांचा कायदा व्हायला 1938 साल उजाडले. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो 1890 च्या जूनमध्ये, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने.

हवामानाशी भांडता येत नाही. मासेमार ते जाणतो आणि काठी गुंडाळून घरी जातो. परंतु ह्या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी वेस्ट टेनेसी लँड कंपनीने तळ्यावर मालकी सांगितली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे जगणाऱ्यांच्या मासेमारीवर बंधने आली. धरणीकंपाने केलेले तळे कागदाने कंपनीचे झाले! 1908 च्या ऑक्टोबरात बुरखे घातलेल्या घोडेस्वारांनी कंपनीच्या दोन वकिलांना रात्री हॉटेलातून उचलले. एकाला ठार मारले, दुसरा पाण्यात उडी टाकून वाचला. गव्हर्नरने सैन्य धाडले. सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, ती वरच्या कोर्टाने रद्द केली. पुढे 1914 साली तळे राज्याच्या ताब्यात आले आणि सर्वांना मोकळे झाले.

इथे टाळी वाजवायचा मोह होतो. आम्ही वाजवत नाही. त्याच ऑक्टोबरात, शेजारच्या केंटकीतल्या हिकमनजवळ, अशाच बुरखेवाल्या स्वारांनी डेव्हिड वॉकर नावाच्या काळ्या माणसाच्या घराला वेढा घातला आणि त्याला व त्याच्या कुटुंबातल्यांना गोळ्या घातल्या. बायकामुले त्यांत होती. अंधारात निघालेली टोळी कंपनीच्या दारावर थांबत नाही. ती दुबळ्याच्या दारावरही जाते. दिवसाढवळ्या, उघड्या तोंडाने, वर्गणीची पावती फाडून चालणारी संघटना आम्हांला का हवी असते, त्याचे उत्तर ह्या दोन रात्रींत आहे. तिला वेळ लागतो, हे खरे.

आज रीलफूटवर कोणीही होडी घालावी, परवाना घेऊन गळ टाकावा. कंपनी गेली. आता भोवतीच्या शेतांतली माती दर पावसाळी लोंढ्याबरोबर उतरते आणि आधीच उथळ असलेले तळे आणखी भरत चालले आहे. ह्या वेळी समोर बुरखेवाला नाही की वकील नाही. शेतकरी आपले शेत नांगरतो आहे आणि खालच्या बाजूला नर क्रॅपी आपल्या अंड्यांवरचा गाळ शेपटीने झाडतो आहे.