शोधणाऱ्याच्या शब्दांत लिहा

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘कीवर्ड नियोजन आणि वेबसाइटचा मजकूर’ असा छापलाय. मघाशी चहाच्या वेळी एका मुलानं विचारलं, “ताई, हे तर दुकानदारांचं काम. आपल्याला काय विकायचंय?” प्रश्न रास्त आहे. मी इंजिनिअर, दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. माझं मत का बदललं ते आधी सांगते. तंत्राचं नंतर बोलू.

माझं माहेर मिरजेचं. घरात दखनी, शाळेत मराठी, नोकरीत इंग्रजी असा आमचा संसार. काही वर्षांपूर्वी गावाकडच्या आमच्या तरुण मंडळाची वेबसाइट मी तयार करून दिली. फुकट आणि मोठ्या हौसेनं. त्यात शिष्यवृत्त्या, दाखले, विवाहनोंदणी अशी माहिती टाकली. जाणत्या मंडळींनी मेहनतीनं लिहून दिलेली, तपासलेली माहिती होती.

पुढच्या वर्षी ईदला खालाकडे गेले. खालाच्या मुलीचा डिप्लोमाचा प्रवेश हुकला होता. आम्ही तांबोळी. महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत मुसलमानांतल्या अनेक जमाती आहेत, मोमीन, पिंजारी, तांबोळी वगैरे. पण तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं. सेतूच्या खिडकीवर तिला सांगितलं, यावर जातीचा दाखला होणार नाही. तिनं मोबाइलवर शोधलं, एक एजंट सापडला, त्यानं पैसे घेतले, आज-उद्या करत राहिला आणि कागदपत्रं तपासणीची तारीख निघून गेली. खुल्या गटात नंबर लागला नाही. वर्ष गेलं.

मी म्हटलं, “अगं, हे सगळं आमच्या साइटवर आहे! ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तुझ्या वडिलांकडच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायचा, नाहीतर कोतवाल बुकातली नोंद बघायची. आजोबांच्या नावापुढे ‘तांबोळी’ असणारच.”

ती म्हणाली, “आपा, मी रोज शोधत होते. गूगलवर असं काहीच नव्हतं.”

मी तिचाच मोबाइल घेतला आणि तिनं टाकले होते तेच शब्द टाकले: ‘दाखल्यावर मुस्लिम लिहिलंय ओबीसी सर्टिफिकेट कसं काढायचं’. पहिल्या पानावर एजंटांच्या जाहिराती आणि व्हिडिओ. दुसऱ्या पानावर सरकारी अर्जांचे नमुने. तिसऱ्या पानापर्यंत गेले. आमचं पान नव्हतं. उत्तर लिहिलेलं होतं, खरं होतं, फुकट होतं आणि आमच्याच घरातल्या मुलीला सापडलं नाही. त्या दिवशी खालाकडचा शीरखुर्मा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

पुण्याला परतल्यावर मी आमचं पान उघडून बसले. त्यात तीन चुका होत्या. तिन्ही माझ्या.

पहिली चूक. ती माहिती पीडीएफमध्ये होती आणि ती पीडीएफ गावातल्या डीटीपीवाल्यानं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. युनिकोडच्या आधीचे जे फाँट आहेत, शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, त्यांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. आपल्याला ‘दाखला’ दिसतो, यंत्राला भलतंच काहीतरी. गूगलच्या लेखी ते पान मराठी नव्हतंच. आपल्या संस्थांची किती पुस्तकं, पत्रकं, स्मरणिका आज अशा पडून आहेत, ते आठवून बघा. स्कॅन करून टाकलेल्या कागदांचीही तीच गत. तो मजकुराचा फोटो असतो. यंत्र कधी त्यातली अक्षरं ओळखतं, कधी नाही. त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरी चूक मथळ्याची. आमचा मथळा होता: ‘मागासवर्गीय नागरिकांसाठी प्रमाणपत्रविषयक सर्वसमावेशक मार्गदर्शन’. ऐकायला भारदस्त. पण असं कोण शोधतं? सरकार ‘प्रमाणपत्र’ लिहितं, आपले अब्बा ‘दाखला’ म्हणतात, पोरं ‘सर्टिफिकेट’ म्हणतात. आम्ही अधिकाऱ्याच्या भाषेत लिहिलं आणि ती तिच्या भाषेत शोधत होती.

तिसरी चूक. एकाच पानावर सात विषय. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास, सगळं एका गाठोड्यात. मग ते पान नेमकं कशाबद्दल आहे, हे यंत्राला कळत नाही आणि माणसालाही कळत नाही.

आता शोधयंत्र काम कसं करतं, ते थोडक्यात सांगते. एक प्रोग्रॅम दुव्यांवरून दुव्यांवर जात जगभरची पानं वाचत फिरतो. वाचलेल्या पानांची तो एक प्रचंड सूची करतो, जशी जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे त्याची असते. आणि कुणी प्रश्न टाकला की सूचीतून पानं निवडून त्यांचा क्रम लावतो. क्रम लावताना अनेक गोष्टी बघितल्या जातात: शब्द जुळतात का, अर्थ जुळतो का, दुसऱ्या साइट त्या पानाकडे बोट दाखवतात का, मोबाइलवर पान नीट उघडतं का. २०१९ मध्ये गूगलनं ‘बर्ट’ नावाचं तंत्र शोधात आणलं. त्यामुळे सुटे शब्द बघण्याऐवजी पूर्ण वाक्याचा रोख ओळखणं त्याला जास्त जमू लागलं. पण तुमच्या पानावर मुळात तो प्रश्नच नसेल, तर ते तंत्र तरी काय करणार?

मग नियोजन कसं करायचं? आम्ही जे केलं ते सांगते.

सुरुवात कॉम्प्युटरपासून नाही केली, वहीपासून केली. मंडळाच्या कार्यालयात येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. सुधारायचं नाही, शुद्ध करायचं नाही. ‘निकाहनामा आहे, पासपोर्टला चालंल का?’ ‘दाखल्यात नाव एक, आधारला दुसरं, आता काय करू?’ व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे आवाजी निरोपही ऐकून उतरवले. महिनाभरात वही भरली. तुमच्या गावात अशी वही भरायला एकच महिना पुरेल. कीवर्ड म्हणतात तो हाच. माणसाच्या तोंडचा प्रश्न.

मग ते प्रश्न गूगलमध्ये टाकून पाहिले. अर्धा प्रश्न लिहिला की खाली सूचना येतात. निकालांत ‘लोक हेही विचारतात’ अशी चौकट कधी कधी येते. ते सगळं टिपून घेतलं. गूगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करता येते. कीवर्ड प्लॅनर नावाचं जाहिरातदारांसाठीचं साधन आहे, तेही उघडलं. पण एक सावधगिरी. मराठीतल्या बारीकसारीक प्रश्नांसाठी तिथे बऱ्याचदा शून्य किंवा रिकामी जागा दिसते. याचा अर्थ कुणी विचारत नाही असा घेऊ नका. वहीत तो प्रश्न पाच वेळा आला असेल, तर वहीवर विश्वास ठेवा.

तिसरी गोष्ट, शब्दांची रूपं. आपल्या माणसांची गंमत अशी की एकच प्रश्न चार तऱ्हांनी येतो. देवनागरीत मराठी, देवनागरीत हिंदी, रोमन अक्षरांत मराठी आणि सरळ इंग्रजी. ‘शिष्यवृत्ती’ला कुणी ‘स्कॉलरशिप’ म्हणतं, कुणी ‘छात्रवृत्ति’ लिहितं, कुणाच्या घरात ‘वजीफा’ शब्द आहे. सरकारी साइट ‘विवाह नोंदणी’ म्हणते आणि आपली बहीण ‘निकाहनामा रजिस्टर’ असं शोधते. पानाची भाषा मराठीच ठेवायची, पण हे शब्द सहज येतील तिथे येऊ द्यायचे. ‘जातीचा दाखला, म्हणजेच कास्ट सर्टिफिकेट’ असं एकदा लिहिलं की काम होतं. दहादा लिहायची गरज नाही.

मग एक साधा तक्ता केला. पहिल्या रकान्यात प्रश्न, लोकांच्या शब्दांत. दुसऱ्यात, विचारणाऱ्याला काय हवंय: नुसतं समजून घ्यायचंय, कुठे जायचं ते हवंय, की आजच अर्ज भरायचाय? तिसऱ्यात, आपल्याकडे त्यावर पान आहे का. चौथ्यात, ते कोण लिहिणार आणि कोण तपासणार. पाचव्यात, त्याची गरज कधी लागते. हा शेवटचा रकाना विसरू नका. दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांची धावपळ सुरू होते. पान त्या आठवड्यात टाकलं तर ते गूगलच्या सूचीत जाऊन वर येईपर्यंत मुदत संपलेली असते. दोन-तीन महिने आधी ते तयार हवं.

आणि नियम एकच ठेवला: एक प्रश्न, एक पान. त्या जुन्या गाठोड्याची सात पानं झाली. मथळ्यात तो प्रश्न. पहिल्या दोन-तीन वाक्यांत थेट उत्तर. मग कागदपत्रांची यादी, अर्ज कुठे करायचा, दाखला कोण देतं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, ज्यांना आपण प्रांत म्हणतो. शेवटी पान केव्हा तपासलं ती तारीख. आणि सातही पानं एकमेकांना दुव्यांनी जोडलेली, कारण दाखला मिळाला की पुढचा प्रश्न व्हॅलिडिटीचा असतोच.

त्यानंतर सर्च कन्सोल. हे गूगलचं फुकट साधन आहे. तुमचं पान कोणत्या शब्दांवर दिसलं, कितव्या क्रमांकावर, किती जणांनी उघडलं, हे गेल्या सोळा महिन्यांपर्यंतचं त्यात दिसतं. महिन्यातून एकदा ते बघायचं. पान दिसतंय पण कुणी उघडत नाही, तर मथळा चुकलाय. ज्या प्रश्नावर दिसतंय त्याचं उत्तरच पानावर नाही, तर ते लिहायला घ्यायचं. लोक तुम्हाला तिथे पुढचं पान सांगत असतात.

आता काय करू नये, ते. तोच शब्द पन्नास वेळा कोंबायचा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायचे, हे जुने उद्योग. त्यांनी पान वर जात नाही, पकडले गेलात तर खाली जातं. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी लिहायचा एक रकाना असतो. गूगलनं २००९ मध्येच सांगितलं की क्रम लावताना आम्ही तो बघत नाही. तरी आजही तो भरून देण्याचे पैसे घेणारे आहेत. आणि यंत्राकडून एका रात्रीत हजार पानं लिहून घेऊ नका. निव्वळ क्रमासाठी ढिगानं पाडलेला मजकूर २०२४ पासून गूगलच्या नियमांत स्पष्टपणे बसत नाही. शिवाय दाखल्याच्या बाबतीत चुकीची एक ओळ म्हणजे एखाद्या पोराचं वर्ष.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही आकड्यांच्या मागे लागलात, तर आकडे तुम्हाला कुठे नेतील याचा विचार करा. आपल्या समाजाच्या नावापुढे भांडणाचा शब्द जोडला की गर्दी जमते, हे तुम्ही रोज मोबाइलवर बघता. तसे मथळे दिले तर आपल्या साइटचा आलेखही वर चढेल. मंडळात एकानं हे सुचवलंही होतं. “आधी माणसं येऊ देत, मग दाखल्याचं वाचतील.” मी त्याला म्हटलं, भांडण बघायला आलेला माणूस जनरल रजिस्टरचा उतारा वाचायला थांबत नाही. आणि जिला उतारा हवाय, ती भांडणाचा मथळा बघून आत येत नाही. आम्ही ठरवलं, वहीत जो प्रश्न नाही त्यावर पान नाही. आमचा आलेख अजूनही बुटका आहे. पण आलेला माणूस पानाच्या शेवटापर्यंत वाचतो आणि मग फोन करतो.

आता तर गूगल कित्येकदा निकालांच्या वरच स्वतः तयार केलेलं उत्तर दाखवतं. काही जण म्हणतात, मग पान लिहायचं कशाला? पण ते उत्तरही कुणीतरी लिहिलेल्या पानांवरूनच तयार होतं. मराठीत, आपल्या अडचणीबद्दल, नीट तपासून कुणी लिहिलंच नसेल, तर ते यंत्र एजंटाच्या पानावरून उत्तर देईल.

खालाच्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिच्या वडिलांकडच्या आजोबांच्या शाळेत रजिस्टर सापडलं, नोंद सापडली, दाखला झाला. दुसऱ्या वर्षी तिला प्रवेश मिळाला. गेलेलं वर्ष मात्र परत आलं नाही. आज ते पान तिनंच पुन्हा लिहून काढलंय. माझ्यापेक्षा सोपं लिहिलंय, कारण खिडकीवरून परत पाठवल्यावर पहिला प्रश्न कोणता पडतो, ते तिला माहीत आहे.

तुम्हाला काम एकच देते. आज घरी गेल्यावर अम्मीला, खालाला, शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारा: एखादा कागद काढायचा असेल तर मोबाइलवर काय लिहाल? ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. वेबसाइट तिथून सुरू करू.